समुद्राशिवायचं बेट आणि सव्वाचार किलोमीटरची पट्टी

बेट म्हणजे काय? चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. शाळेत हे उत्तर लिहिलंत तर पूर्ण गुण मिळतील. पण मी तुम्हाला एका कोरड्या बेटाची गोष्ट सांगणार आहे. त्याच्या चारी बाजूंना पाणी नव्हतंच, होती नुसती जमीन!

हे बेट म्हणजे जुनं हैदराबाद संस्थान. आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हेही तेव्हा त्यातच होते. तिथे राज्य निजामाचं. नाणी त्याची, टपालाची तिकिटं त्याची, रेल्वेही त्याचीच. एकच गोष्ट नव्हती, समुद्र! ना किनारा, ना बंदर, ना जहाजं. कुठूनही बाहेर पडा, दुसऱ्याची हद्द लागायची.

मग नजर गेली वरच्या वाटेकडे. १९३०च्या दशकात हैदराबादेत विमान उडवायला शिकवणारा क्लब निघाला आणि बेगमपेठेत विमानतळ झाला. १९३७ साली त्याची इमारतही उभी राहिली.

पुढची गंमत ऐका. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या घेऊन बससेवा सुरू केली होती. रुळांवरून रस्त्यावर आली, तरी तिची हौस काही फिटली नाही. १९४५ साली याच रेल्वेने टाटांना जोडीला घेऊन चक्क विमान कंपनी काढली, ‘डेक्कन एअरवेज’! तिची डकोटा विमानं बेगमपेठेतून उडायची. जमिनीवर उभ्या असलेल्या डकोटाचं नाक आभाळाकडे आणि शेपूट खाली, एखादा कुत्रा मागचे पाय दुमडून बसावा तसं.

याच कंपनीत एक बाई आल्या, प्रेम माथुर. विमान चालवायचा परवाना त्यांनी १९४७ साली मिळवला होता. पण आठ कंपन्यांनी त्यांना नोकरी नाकारली, का तर त्या बाई म्हणून! डेक्कन एअरवेजने मात्र त्यांना घेतलं. प्रवासी विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला वैमानिक त्याच.

१९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं आणि आपलं कोरडं बेट संपलं. १९५३ साली देशातल्या आठ विमान कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स उभी केली. त्या आठांत डेक्कन एअरवेजही होती.

बेगमपेठ मात्र चालूच राहिलं. हैदराबाद वाढत गेलं. घरं, दुकानं, रस्ते धावपट्टीला खेटून उभे राहिले. आता पट्टी लांबवायची तरी कुठे? म्हणून शहराबाहेर शमशाबादला नवा विमानतळ बांधला. २३ मार्च २००८ला प्रवासी विमानांनी आपलं बिऱ्हाड तिकडे हलवलं.

या शमशाबादची मोठी धावपट्टी ४,२६० मीटर लांब आहे, म्हणजे सव्वाचार किलोमीटरपेक्षा थोडी जास्तच. तुम्ही चालत निघालात तर पाऊण तास तरी लागेल! एवढी लांब कशाला? याचं उत्तर हवेत दडलंय.

एसटीच्या खिडकीपाशी वाऱ्यावर कागदाची पट्टी फडफडताना पाहिलीत ना? वारा तिला वर उचलतो. विमानाच्या पंखांनाही हवाच उचलते. पण त्यासाठी हवा दाट हवी. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. शमशाबाद मात्र दख्खनच्या पठारावर, सुमारे ६१७ मीटर उंचीवर. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ. त्यात हैदराबादचा मे महिना! पारा चाळिशी ओलांडतो, हवा तापून फुगते आणि आणखी विरळ होते. अशा हवेत वर उठायचं तर विमानाला जास्त वेगाने धावावं लागतं आणि वेग घ्यायला जागा लागते. म्हणून ही लांबलचक पट्टी.

मे २०१६मध्ये तिच्यावर एक अजस्र पाहुणा उतरला, युक्रेनचं ‘अँतोनोव्ह-२२५’. सहा इंजिनं आणि ३२ चाकं! पंखांचा पसारा ८८ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी थोडा उरेलच. पोटात एक अवाढव्य जनित्र घेऊन ते ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. वाटेत इथे विसावलं. भारतात ते प्रथमच आलं होतं. त्याचं नाव होतं ‘म्रिया’, म्हणजे स्वप्न. जगात असं एकच विमान होतं. २०२२ साली युक्रेनमधल्या युद्धात ते नष्ट झालं.

शमशाबादच्या विमानतळावर, विमानाने जाणाऱ्या औषधांसाठी थंडगार खोल्याही आहेत. हैदराबादेत लसी बनवणारे मोठे कारखाने आहेत आणि बऱ्याच लसींना २ ते ८ अंश तापमान लागतं. तुमच्या फ्रिजमधल्या दुधासारखाच त्यांचा थाट!

आता एक गुपित. धावपट्टीच्या टोकांवर मोठाले आकडे रंगवलेले असतात. शमशाबादला एका टोकाला ०९, तर दुसऱ्या टोकाला २७. हे दिशांचे आकडे आहेत. होकायंत्रावर उत्तर शून्य अंशांवर, पूर्व ९० अंशांवर, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंशांवर. शेवटचं शून्य पुसलं की ९० अंशांचा होतो ९, तो दोन आकडी व्हावा म्हणून ०९, आणि २७० अंशांचा २७. म्हणजे ०९ दिसला की समजायचं, इथून विमान पूर्वेकडे तोंड करून धावणार. विमानाला समोरून येणारा वारा आवडतो, कारण तो पंखांना उचलायला मदत करतो. त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की विमानं पश्चिमेकडे उडतात आणि पूर्वेचा असला की पूर्वेकडे. पट्टी तीच, टोक फक्त बदलतं.

जाता जाता एक कोडं. नागपूरच्या धावपट्टीच्या एका टोकाला १४ लिहिलंय. दुसऱ्या टोकाला कोणता आकडा असेल? होकायंत्राचं चित्र काढा, १४० अंशांवर खूण करा आणि तिच्या बरोब्बर उलट दिशेला बोट ठेवा. शेवटचं शून्य पुसायला मात्र विसरू नका!