नळीत पडणारा पाऊस

बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून थेंब का फुटतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागाला टेकले की त्याचे पाणी होते. हीच गोष्ट मध्यरात्री झोपलेल्या माणसाच्या नाकाशी घडली तर?

काही माणसांचा घसा झोपेत सैल पडून श्वासमार्ग पुन्हा पुन्हा मिटतो. श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ थांबतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो, झोप चाळवते आणि मग श्वास परत सुरू होतो. आजोबा रात्रभर घोरतात आणि दिवसा वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगतात, त्याचे कारण नेहमीच वय नसते! या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली त्यावर एक उपाय प्रसिद्ध केला. नाकावाटे किंचित दाबाची हवा सतत आत सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. सुरुवातीच्या काळात या कामी चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली गेली. आजच्या ‘सीपॅप’ यंत्रातील दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो.

पण रात्रभर कोरडी हवा घेतली की नाक आणि घसा सुकतो. म्हणून यंत्रात पाण्याची लहानशी टाकी असते व तिच्याखाली तापणारी तबकडी. दमट झालेली ही हवा पावणेदोन-दोन मीटर लांबीच्या नळीतून मुखवट्याकडे जाते. खरी गंमत या वाटेवरच आहे.

आता थोडे गणित करू. २५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. २० अंशाला सुमारे १७ ग्रॅमच. समजा, २५ अंशाची संपृक्त हवा मिनिटाला ३० लिटर या वेगाने नळीत शिरली आणि थंड खोलीमुळे वाटेत २० अंशापर्यंत निवली. आठ तासांत सुमारे १४ घनमीटर हवा जाईल. प्रत्येक घनमीटरमागे ६ ग्रॅम, म्हणजे एकूण ८४ ग्रॅम पाणी. रात्रभरात जवळजवळ अर्धी वाटी! नळीत गुळगुळ आवाज होतो, थेंब नाकावर उडतात. कित्येक रुग्ण याच त्रासाने यंत्र बाजूला ठेवतात, आणि त्यांचा श्वास पुन्हा पहिल्यासारखा अडू लागतो.

यावर तोड म्हणजे तापणारी नळी. तिच्या भिंतीत बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. तारेतून वीज वाहिली की नळी कोमट राहते, हवा दवबिंदूपर्यंत निवत नाही आणि बाष्प बाष्पच राहते. मात्र ही तार हवेत पाणी घालत नाही, हे ध्यानात ठेवा. टाकी रिकामी असताना नळीचे तापमान वाढवले, तर सापेक्ष आर्द्रता उलट घटते आणि नाक अधिकच सुकते. साध्या नळीवर कापडी खोळ घातल्यानेही बराच फरक पडतो. यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे साठलेले पाणी चेहऱ्याकडे येत नाही.

ओल आणि ऊब मिळाली की जंतू व बुरशी यांचे फावते; म्हणून स्वच्छता हवीच. टाकीतले उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे आणि रात्री ताजे ऊर्ध्वपातित पाणी भरावे. उकळून गार केलेले पाणी का चालत नाही? उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. तबकडीच्या उष्णतेने पाणी उडून गेले की त्यांचा पांढरा थर टाकीच्या तळाशी बसतो.

नळी आठवड्यातून एकदा धुवावी. आधी यंत्राची वीज बंद करून नळी सोडवावी. कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे थोडे थेंब टाकून ते पाणी नळीतून खळखळवावे, मग साबणाचा वास जाईपर्यंत स्वच्छ पाणी सोडावे. उकळते पाणी, ब्लीच, स्पिरिट यांच्या वाटेला जाऊ नये. नळी सावलीत, दोन्ही टोके खाली करून टांगावी. उन्हाने प्लास्टिक लवकर खराब होते. तापणाऱ्या नळीच्या टोकाला विजेचे संपर्कबिंदू असतात. ते पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नळी यंत्राला जोडू नये. म्हणून धुण्याचे काम सकाळीच उरकलेले बरे.

ओझोन वायूने नळी ‘शुद्ध’ करणारी उपकरणेही बाजारात आली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. जंतू मारण्याइतका ओझोन फुप्फुसांनाही अपायकारक असतो, आणि नळीत रेंगाळलेला वायू रात्री थेट श्वासावाटे आत जातो. साबण-पाण्याला असा धोका नाही.