ससाणा, अग्निपुच्छ कोंबडा आणि दोन नंग्या तलवारी

बाल्टिक समुद्रकाठचा लिथुआनिया हा जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस लाख वस्तीचा देश. पण इतिहास असा, की भल्याभल्यांनी तिथे हात पोळून घेतलेत!

सुरुवात 1236 ची. साउलेच्या लढाईत 'तलवार बंधू' या चिलखतधारी ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाचे जड घोडे दलदलीत रुतले आणि हलक्या घोड्यांवरच्या झेमाइतियन (पश्चिम लिथुआनियाच्या) लढवय्यांनी त्यांना भाल्यांनी टिपलं. पंथाचा प्रमुखच पडला. उरलेसुरले शिलेदार पुढच्या वर्षी ट्यूटॉनिक पंथात विलीन झाले.

त्याच ट्यूटॉनिक सरदारांनी 15 जुलै 1410 ला ग्रुनवाल्डच्या मैदानात पोलंडचा राजा योगाइला आणि लिथुआनियाचा सत्ताधीश विटाउटस या चुलतभावांना डिवचायला दोन नंग्या तलवारी पाठवल्या. संध्याकाळपर्यंत त्या पंथाचाच ग्रँडमास्टर, म्हणजे प्रमुख, ठार! विटाउटसची फळी मध्येच मागे हटली आणि मग उलटून आली. ती माघार खरी की हूल, यावर इतिहासकारांची अजून जुंपते. मला विचाराल तर हूलच. शुद्ध गनिमी कावा. ग्रुनवाल्डला लिथुआनियन म्हणतात झाल्गिरिस. काउनासच्या लाडक्या बास्केटबॉल क्लबचं नावही तेच.

1605, आजच्या लाटव्हियातलं सालास्पिल्स. लिथुआनियन सेनापती खोडकेविचुसकडे सुमारे 3,600 माणसं, स्वीडनच्या राजाकडे सुमारे 11,000. पंखवाल्या हुसार घोडदळाने काही तासांत निकाल लावला. राजाचा जीव वाचला तो एका स्वाराने स्वतःचा घोडा दिला म्हणून.

1934 मध्ये अंतानास गुस्ताइतिस या वैमानिकाने स्वतः आखलेली आन्बो जातीची तीन विमानं युरोपच्या राजधान्यांची फेरी मारून सुखरूप परत आली. विमानं बांधलेली घरचीच, काउनासला. पुढे देश बळकावलेल्या सोव्हिएतांनी या गुणी माणसाला 1941 मध्ये गोळ्या घातल्या.

आता जंगलात शिरू. 1944 पासून जवळपास दहा वर्षं तिथले पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये, सोव्हिएत सत्तेशी भूमिगत लढले, आणि भूमिगत म्हणजे अक्षरशः जमिनीखालून. मिनाइचाय गावात एका शेतघराच्या कोठाराखाली बंकर खोदला होता. वर धान्य, खाली लढ्याचं मुख्यालय. 16 फेब्रुवारी 1949 ला तिथे आठ जणांनी स्वतंत्र लिथुआनियाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आठांपैकी एकही वाचला नाही. पण 1999 मध्ये संसदेने त्या कागदाला कायदेशीर दर्जा दिला आणि त्यांचा सेनापती योनास झेमाइटिस 2009 मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्ष मानला गेला. 1953 मध्ये पकडल्यावर त्याला मॉस्कोत खुद्द सोव्हिएत गृहमंत्री बेरियासमोर उभं केलं होतं. दुसऱ्याच दिवशी बेरियालाच अटक झाली!

आठांतला शेवटचा अडोल्फास रामानाउस्कास, पेशाने शिक्षक. टोपणनाव 'वानागास', म्हणजे ससाणा. अनन्वित छळ करून 1957 मध्ये त्याला मारलं. अस्थी सापडल्या 2018 मध्ये; मग अख्ख्या देशाने त्याला लष्करी इतमामात निरोप दिला.

आजच्या लिथुआनियन लष्कराच्या विशेष दलात तीन हात आहेत: विशेष मोहिमांचे कमांडो, विटाउटसच्या नावाची याएगर बटालियन आणि लढाऊ पाणबुडे. त्यांच्या ज्या तुकडीने अफगाणिस्तान गाजवलं तिचं नाव 'ऐतवारस'. लोककथांतला हा जीव घरात अग्निपुच्छ कोंबडा, आभाळात ड्रॅगन, आणि धन्यासाठी दुसऱ्याच्या घरचा माल उचलून आणणारा. शत्रूच्या गोटात शिरणाऱ्यांना याहून चपखल नाव कुठलं? 2002 मध्ये ही तुकडी तिकडे गेली तेव्हा देश नाटोत आलाही नव्हता.

आणि मे 2022. युक्रेनला बायराक्तार ड्रोन घेऊन द्यायला सामान्य लिथुआनियनांनी साडेतीन दिवसांत पन्नास लाख युरोंहून जास्त वर्गणी जमवली. ते पाहून तुर्की कंपनीने ड्रोन फुकटच देऊन टाकलं, आणि पैसा दारूगोळ्यासह युक्रेनच्या इतर मदतीकडे वळला. ड्रोनवर नाव रंगवलं होतं: वानागास.