नळदुर्गचं पाणी किती काम करतं?

पावसाळ्यात बोरी नदी भरली की नळदुर्ग किल्ल्यावर झुंबड उडते. बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांतून ‘नर’ आणि ‘मादी’ धबधबे कोसळू लागतात. अंगावर तुषार, हातात मोबाइल, आणि आवाज इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.

ही ताकद येते उंचीतून.

1 घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो. ते 20 मीटर खाली पडलं असं धरू. गुरुत्वाकर्षण त्यावर सुमारे 1 लाख 96 हजार ज्यूल कार्य करतं. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते आणि हवेचा विरोध सोडला, तर तळाशी वेग ताशी 71 किलोमीटर भरतो. भरधाव एसटीच म्हणा ना!

खडकावर आदळताच पाण्याचा संवेग क्षणात बदलतो. बदलाला वेळ जितका कमी, तितकं बल मोठं. म्हणून धारेखाली उभं राहायचा मोह टाळलेलाच बरा.

मग ऊर्जा जाते कुठे? थोडी आवाजात, बहुतेक उष्णतेत. पाणी तापतं जेमतेम 0.05 अंश सेल्सिअस. 1840 च्या दशकात जेम्स ज्यूलने पाण्यात पाती फिरवून हाच हिशेब मांडला होता.

खरी गंमत मात्र बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणी महालात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे बांधकाम. मागून पाणी भिंतीला सतत रेटतंय, पण भिंत जागची हलत नाही. विस्थापन नाही, म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाण्याच्या या रेट्याने केलेलं कार्य शून्य!