पायी वसई : भाग ६ – वारसांसाठी राखलेली जागा

गेल्या आठवड्यात आपण सोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटाला वळसा घालून आलो. या रविवारी वसईचा किल्ला. किल्ला म्हणायची आपली सवय. खरं तर ते तटाच्या आत वसलेलं अख्खं शहर होतं आणि तिथे दोनशे वर्षं पोर्तुगीज बोलली जात होती. परक्या बोलीचं शहर पायी हिंडायची हौस आली की मंडळी पुद्दुचेरीचं तिकीट काढतात. फ्रेंच तिथे १६७४ साली आले. त्याच्या १४० वर्षं आधी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली होती. आणि इथे यायला वसई रोड स्टेशनावरून बस किंवा रिक्षा पुरते.

सकाळी साडेसहाला पोहोचा. ऊन चढलं की दगड तापतात आणि दहानंतर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात. त्यांच्याबद्दल आज काही लिहीत नाही.

जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरताना वाट वळते. शत्रूला सरळ मुसंडी मारता येऊ नये म्हणून ती तशी केली आहे. आत बालेकिल्ला, पुढे चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती. यातलं एक चर्च अजून नांदतं आहे, गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं. ते वसईत जन्मले, १५९७ साली नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२ साली ते संत ठरले. भारतात जन्मलेले पहिले संत आपल्या वसईचे.

पण वेळ राखून ठेवा तो फ्रान्सिस्कन चर्चसाठी. तिथल्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत, काहींवर घराण्यांची चिन्हं आहेत. पोर्तुगीज येत नसली तरी दोन शब्द पाठ करून जा. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, ‘एर्देइरोस’ म्हणजे वारस. हे थडगं अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं, असं लिहायची त्या काळी रीत होती. म्हणजे माणूस मरायच्या आधीच मुला-नातवंडांची जागाही राखून ठेवत असे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तहाप्रमाणे पोर्तुगीज शहर सोडून गेले. राखलेल्या जागा तशाच राहिल्या. चर्चच्या घंटा मात्र देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच.

मग भाषा कुठे गेली? आपल्याच तोंडात. दाराची चावी पोर्तुगीज, बिजागरीही. नाताळ, पाद्री, साबण, घमेलं, फीत, इस्त्री, पगार, तुरुंग, सगळे शब्द तिकडचे. पोर्तुगीज नुसते वसईत नव्हते, गोव्यात आणि दीव-दमणलाही होते. त्यामुळे कोणता शब्द कुठल्या बंदरात उतरला हे सांगता येत नाही. तरी या शहरातून चालताना ते शब्द कानाला वेगळे लागतात.

शेवटी समुद्राकडे, सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापाशी या. दरवाजावरच्या लेखात १६०१ साली चर्च नव्याने बांधल्याची नोंद आहे. आकडा पोर्तुगीज न येणाऱ्यालाही वाचता येतो. समोर किल्लाबंदरचा कोळीवाडा, पलीकडे भाईंदर. इथे काठ्यांवर बोंबील वाळत असतात. होड्या आल्या की मासळीचा लिलाव होतो. लिलाव म्हणजे पोर्तुगीज ‘लेइलांव’. शहर गेलं, त्याची बोली अशी मासळीच्या टोपलीपाशी उरली. मला विचाराल तर हेच किल्ल्यातलं सर्वांत जिवंत अवशेष आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर त्याचा उल्लेख नाही.

एक विनंती आहे. फ्रान्सिस्कन चर्चमधल्या शिळांवरची अक्षरं झिजत चालली आहेत. वाचायचं असेल तर कडेला उकिडवे बसून वाचा. चपला घालून त्यांच्यावर उभे राहू नका.