रेघ बदलणं स्वस्त असतं तोवर

मागच्या व्याख्यानात आपण कन्सेप्टपर्यंत आलो होतो. चित्र संस्थेला आवडलं, चौरस फुटांचा हिशेब जमला. यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: मग खोदकाम कधी सुरू? आज आपण या दोन्हींच्या मधल्या टप्प्याबद्दल बोलू. त्याला डिझाइन डेव्हलपमेंट म्हणतात, आमच्या ऑफिसांमधल्या बोलीत नुसतं 'डीडी'. आपल्याकडे तो हमखास गाळला जातो, कारण महापालिकेची मंजुरी आली की लोकांना वाटतं, इमारत ठरली. पण महापालिका एफएसआय, मार्जिन, पार्किंग पाहते. एसीचा डक्ट बीमखालून जाईल की नाही, हे ती पाहत नाही.

आता हाच डक्ट घेऊ. समजा एका दवाखान्याच्या इमारतीत मजल्यापासून मजल्यापर्यंत उंची 3.15 मीटर धरली. कन्सेप्टमध्ये ती छान दिसते. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतात, इथे बीम स्लॅबसकट 600 मिलिमीटरचा. राहिले 2.55. फरशी आणि तिच्याखालचा माल 50 मिलिमीटर खातो. डक्ट, त्याच्यावरच्या इन्सुलेशनसह, 300. फॉल्स सीलिंग, त्याची फ्रेम, दिवे मिळून 150. पॅसेजमध्ये माणसाला उरले 2.05 मीटर. आणि दार आहे 2.1 मीटरचं!

यावर उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय दुसरीकडे जाऊन टोचतो. मजल्याची उंची 300 मिलिमीटरने वाढवली, तर 150च्या चढाने जिन्याला दोन पायऱ्या वाढतात, जिना लांबतो आणि लॉबीत शिरतो. बीमची उंची कमी केली तर कॉलम जवळ आणावे लागतात, मग खालच्या पार्किंगमधली गाडी वळत नाही. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि एसीवाले यांनी एका टेबलाशी बसून हे भांडण कागदावर मिटवायचं, हेच डीडीचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्या दोन-तीन महिन्यांत काहीच झालेलं दिसत नाही. आमच्या मते हा टप्पा गाळला जाण्याचं खरं कारण हेच आहे.

घाई काय करते याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनीचं ऑपेरा हाऊस. योर्न उत्झन या डॅनिश आर्किटेक्टने 1957 साली स्पर्धा जिंकली. त्या शिंपल्यांसारख्या छपरांचा आकार मोहक होता, पण भूमितीत बसत नव्हता. प्रत्येकाचा बाक वेगळा. ते बांधायचे कसे हे ठरायच्या आत, मार्च 1959मध्ये, खालच्या चौथऱ्याचं काम सुरू झालं. प्रीमियर जो केहिल यांच्या सरकारला धास्ती होती की उशीर झाला तर प्रकल्पच बारगळेल. राजकारण म्हणून ही धास्ती खोटी नसावी, हे आपण मान्य करू.

छपराचं उत्तर सापडलं 1961मध्ये: सगळे शिंपले सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे. त्यामुळे फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांत ओतता येणार होते. उत्तर देखणं होतं. पण वरचं वजन ठरायच्या आधीच खालचे कॉलम उभे राहिले होते आणि ते पुरे पडत नव्हते, म्हणून ते पुन्हा बांधावे लागले. आत काय चालणार हेही डळमळत राहिलं. मोठ्या सभागृहात ऑपेरा आणि मैफल दोन्ही व्हायचं होतं. नंतर ते मैफलीपुरतंच ठेवलं आणि बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली. उत्झन 1966मध्ये काम सोडून गेले. इमारत उघडली ऑक्टोबर 1973मध्ये, दहा वर्षं उशिरा. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. बराचसा पैसा लॉटरीतून उभा राहिला. आपल्याकडच्या दवाखान्याच्या ट्रस्टमागे अशी लॉटरी नसते.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी शाळेच्या, सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या बांधकाम समितीवर असाल, तर टेंडर काढण्याआधी आमच्यासारख्यांकडे तीन गोष्टी मागा: सुधारित अंदाजपत्रक, साहित्याची यादी आणि सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद. तो छेद प्रवेशद्वाराच्या भव्य हॉलमधून घेतलेला नको. आम्ही लोक हौसेने तोच दाखवतो. संडास, पॅसेज आणि जिना एकाच रेषेत येतील, अशा जागेतून मागा.