मागून ठोकली म्हणजे चूक मागच्याचीच? विमा कोण देणार, किती देणार?

पांढुर्णा/सौंसर : नागपूर-बैतुल महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो आणि नागपूर-छिंदवाडा रस्ता सौंसरवरून. संत्र्याच्या हंगामात या दोन्ही रस्त्यांवर ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि कार एकामागे एक चिकटून धावतात. अशात समोरच्याने ब्रेक दाबला, मागचा आदळला, की पाच मिनिटांत गर्दी जमते आणि निकालही तिथंच लागतो. "मागून ठोकली ना भाऊ, मग पैसे दे." बहुतेक वेळा मागचा देतोही. पण कायद्यात हा निकाल इतका सरळ नाही आणि विम्यात तर त्याहून नाही.

आधी नियम. मागच्या वाहनाने इतकं अंतर ठेवायचं, की पुढचं वाहन अचानक हळू झालं किंवा थांबलं तरी धडक होऊ नये. हे 1989 च्या रस्ता नियमावलीतच लिहिलेलं होतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. त्यात कार पुढे चालणाऱ्या ट्रकवर मागून आदळली होती आणि दोन्ही वाहनांत अंतर होतं 10-15 फूट. एवढ्या अंतराला सुरक्षित म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि ट्रकचालकाला दोषी धरलं नाही. हिशेब साधा आहे. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 22 मीटर, म्हणजे सत्तर फुटांच्या वर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 15 फूट कधीचे संपलेले असतात.

म्हणून सुरुवातीला बोट मागच्याकडेच जातं. पण समोरच्याने काय केलं, हेही न्यायालय बघतं. जुलै 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यासाठी लक्षात ठेवावा. कोईम्बतूरजवळ 2017 मध्ये महामार्गावर एका कारने अचानक ब्रेक मारला. मागून येणारा मोटारसायकलवरचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागच्या बसखाली आला. त्याचा पाय कापावा लागला. बायकोला मळमळत होतं म्हणून थांबलो, असं कारचालकाचं म्हणणं होतं. मागच्यांना इशारा न देता महामार्गाच्या मधोमध थांबणं हा निष्काळजीपणाच, असं न्यायालयाने ठरवलं. कारचालकाची चूक 50 टक्के, बसची 30 टक्के आणि अंतर न ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची 20 टक्के. सुमारे 91 लाखांची भरपाई दोन्ही विमा कंपन्यांवर याच प्रमाणात वाटली गेली. मागून आदळलेल्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांत कमी चूक आली.

आपल्याकडे याहून जास्त घडणारा प्रकार म्हणजे उभं वाहन. रात्री बंद पडलेला ट्रक, मागे ना टेल लाईट ना इंडिकेटर, फार तर चार दगड आणि झाडाची फांदी. किंवा रेडियमची पट्टी नसलेली कापसाची ट्रॉली. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ती दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निर्णय दिला. महामार्गाच्या मधोमध दिव्यांविना सोडलेल्या ट्रकवर कार आदळली होती. खालच्या न्यायालयांनी कारचालकाचीही निम्मी चूक धरून भरपाई कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने सगळा दोष ट्रकवर टाकला. शिवाय चालकाची चूक गाडीत बसलेल्यांच्या माथी मारता येत नाही, असंही स्पष्ट केलं.

हा शेवटचा मुद्दा घरच्या लोकांनी नीट समजून घ्यावा. दोन वाहनांच्या चुकीत मागे बसलेली आई, बायको किंवा शेजारी जखमी झाली, तर तिची स्वतःची चूक काहीच नसते. ती दोन्हींपैकी कोणत्याही एका वाहनाकडून पूर्ण भरपाई मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय. कंपन्यांनी आपसातला हिशेब नंतर करावा. मात्र आपल्या कारची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्यात आपल्याच गाडीतले बसलेले लोक धरले जात नाहीत. त्यासाठी पॅकेज म्हणजे फुल पॉलिसी लागते. हजार-दोन हजार वाचवायला फुल पॉलिसी सोडणारे बरेच आहेत, आणि ही गोष्ट त्यांना एजंटही सांगत नाही.

सिल्लेवानी घाटात आणखी एक भानगड होते. चढावर थांबलेला लोडेड ट्रक मागे सरकतो आणि मागच्या कारचं बोनेट चेपतो. फोटोत मात्र "कार मागून धडकली" असंच दिसतं. इथे चूक ट्रकची, पण पुरावा नसेल तर ऐकणार कोण? तीन गाड्यांच्या साखळीतही तसंच. मधली गाडी व्यवस्थित थांबलेली होती आणि तिसरीने तिला पुढे ढकललं, तर जबाबदारी तिसरीची. म्हणून गाड्या हलवायच्या आधी फोटो काढावेत : दोन्ही नंबर प्लेट, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, समोरच्याचे टेल लाईट लागतात की नाही. डॅशकॅम असेल तर उत्तमच.

आता पैशाचं. दुसऱ्याच्या माणसाला झालेल्या इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही, अधिकरण ठरवेल ती रक्कम. दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीला मर्यादा साडेसात लाखांची. स्वतःची गाडी मात्र स्वतःच्या फुल पॉलिसीतून दुरुस्त करून घेता येते, चूक कुणाचीही असो. तिथं आकडेमोड करूनच क्लेम टाकावा. समजा मागच्या बंपरचं बिल 8 हजार. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापला जातो, उरले 4 हजार. 1500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे 1 हजार स्वतःचे, हातात आले 3 हजार. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस 50 टक्के असतो, तो पुढच्या नूतनीकरणाला शून्य. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता 12 हजार असेल तर 6 हजारांची सूट गेली. 3 हजारांसाठी 6 हजार घालवण्यात अर्थ नाही. झिरो डेप घेतलेला असेल किंवा बिल मोठं असेल तर गोष्ट वेगळी.

रस्त्यावर "माझी चूक आहे, खर्च देतो" असं कागदावर लिहून देणं हा सगळ्यांत महाग सौदा. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा पैसे देण्याचं वचन देऊ नये, अशी अट मोटार पॉलिसीतच असते. तो कागद दाखवून कंपनी हात वर करू शकते. किरकोळ ओरखडा आपसात मिटवला तर कुणाची हरकत नाही. पण कुणाला लागलं असेल, अगदी "थोडंसंच लागलं" असेल, तरी पोलीस ठाण्यात नोंद आणि दवाखान्याचा कागद पाहिजेच. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत दावा अधिकरणाला पाठवायचा असतो. समोरच्या वाहनाचा विमाच नसेल, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाबतीत हे हमखास निघतं, तर भरपाई मालकाच्या खिशातून वसूल होते.

आणि सीमेवरच्या लोकांसाठी एक सोय आहे. अपघात सावनेरला झाला, काटोलला झाला किंवा नागपुरात, तरी दाव्यासाठी महाराष्ट्रात चकरा मारायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस जिथं राहतात, त्या भागातल्या अधिकरणातही दावा टाकता येतो. म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यातल्या वकिलाकडून दावा लावता येतो. 1 एप्रिल 2022 पासून त्यासाठी कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. हाड जुळेपर्यंत थांबू, मग बघू, असं करू नये.