सायकल समजून घेताना (भाग ६) : चढावर पाय फिरते ठेवा

मागच्या भागात टायर आणि हवेचा दाब पाहिला. आज पायडल. मिनिटाला पायांच्या किती फेऱ्या होतात, याला सायकलवाले केडन्स म्हणतात. सायकल हलकी वाटते की जड, हे तिच्या वजनापेक्षा या आकड्यावर जास्त ठरतं.

वॉटफर्डकरांनी हे बुशी आर्चेसपाशी जाऊन पाहावं. तिथं कोल्न नदीच्या खोऱ्यावर १८३७ सालचा लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचा कमानींचा पूल आहे. रॉबर्ट स्टीफन्सनने लंडनचं टोक सोडून ही जवळजवळ सगळी लाइन अशी आखली, की ३३० फुटांत १ फुटापेक्षा जास्त चढ येऊ नये. वाफेच्या इंजिनाला गियर नसतो. मग भराव घालून, कमानी बांधून, बोगदा खणून जमीनच सपाट करावी लागते. पुलाखालचा रस्ता मात्र चॉक हिलने थेट बुशीकडे चढतो. तिथं सायकलवाल्याला जमीन बदलता येत नाही, गियर बदलता येतो.

आता हिशेब. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली आपली बिनगियरची काळी सायकल पायडलच्या एका फेरीत साधारण ५.४ मीटर जाते. पुढे-मागे दोन्हीकडे ३४ दात्यांचा हलका गियर फक्त २.१ मीटर नेतो. सायकलसह ९० किलो वजन आणि ५ टक्के चढ धरा. साधारण तब्येतीचा माणूस तिथं ताशी ९ किलोमीटरने चढेल, दोन्ही गियरमध्ये तेवढ्याच ताकदीने. पण पहिल्यात पाय मिनिटाला जेमतेम २८ वेळा फिरतील, दुसऱ्यात ७१ वेळा. नुसत्या चढासाठी पायडलवर सरासरी जोर पहिल्यात सुमारे २३ किलोचा लागेल, दुसऱ्यात ९ किलोचा. पहिला माणूस सीटवरून उठतो, हँडल ओढतो आणि गुडघ्यांवर भार घेतो. शिवाय पायडल वर-खाली सरळ रेषेत आलं की जोर लागतच नाही. २८ फेऱ्यांवर तेवढ्या वेळात सायकल मंदावते, पुन्हा हिसका बसतो. चढावर सायकल ‘खेचावी लागते’ असं वाटतं ते यामुळे.

हलका गियर घेणं म्हणजे कमजोरी, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती सोडाच. १९७२ साली मेक्सिको सिटीत अव्वल सायकलपटू एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, तेव्हा त्याचे पाय मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फिरत होते. तुम्हाआम्हाला सपाटीवर ७० ते ८० पुरे. फार वेगाने फिरवलं तर नुसते पाय हलवण्यातच दम जातो, सीटवर उसळायलाही होतं.

सवय करायला एबरी वे उत्तम. वॉटफर्ड ते रिकमन्सवर्थची ही वाट १८६२ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या जागेवर आहे, त्यामुळे जवळपास सपाट. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा, चारने गुणा. साठच्या खाली असाल तर एक गियर हलका करा.

मग चॉक हिल. डिरेलरची, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गियरची सायकल असेल तर चढ लागायच्या आधीच गियर उतरवा, आणि बदलताना पाय फिरते पण सैल ठेवा. चेनवर पूर्ण जोर असताना ती दात्यांवरून नीट सरकत नाही, कडाकड वाजते. मागच्या चाकाच्या तुंब्यात बसणाऱ्या तीन स्पीडच्या हब गियरला हा त्रास नाही. पाय क्षणभर थांबवा, गियर बदला, पुढे चला.